'गिफ्ट' : दान की विष? सूडातून जन्मलेल्या कलाकृतीच्या नैतिक स्वरूपाविषयी

१

कलाकृती कोणत्या हेतूने निर्माण झाली आणि ती कशी आहे, या दोन प्रश्नांच्या परस्परसंबंधाचा विचार साहित्यशास्त्राला नवा नाही. मम्मटाने काव्याची जी प्रयोजने सांगितली त्यांत यश आणि द्रव्यलाभ ही उघड व्यावहारिक प्रयोजनेही आहेत. म्हणजे काव्य निरपेक्ष बुद्धीनेच लिहिले जावे, असा आग्रह त्याने धरलेला नाही. मराठीत फडके-खांडेकर वादाच्या निमित्ताने आणि पुढे मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराच्या संदर्भात कलाबाह्य हेतूंची चर्चा वारंवार झाली. परंतु या साऱ्या चर्चेत हेतू म्हणून ज्यांचा विचार होतो ते बहुधा सद्‌हेतू असतात : उद्बोधन, समाजपरिवर्तन, आत्माविष्कार, आनंद. फार तर निरुपद्रवी स्वार्थ. दुसऱ्याला अडवावे, त्याच्या हातातले काढून घ्यावे, त्याला बोचेल असे काही करून ठेवावे, हा हेतू प्रयोजनांच्या कोणत्याही यादीत आढळत नाही. वाङ्मयाच्या आणि कलेच्या इतिहासात मात्र तो पानोपानी आढळतो.

दान्तेने आपल्या फ्लॉरेन्समधील वैऱ्यांना नरकात जागा दिली, पोपने आपल्या टीकाकारांना मंदमतींच्या साम्राज्यात बसवले. समीक्षा अशा कृतींसमोर येते तेव्हा सामान्यतः दोन मार्ग चोखाळते. एक, हेतू हा चरित्राचा भाग आहे, कृतीचा नव्हे, असे सांगून तो बाजूला सारायचा. दोन, कृती श्रेष्ठ आहे म्हणून हेतूला क्षमा करायची. हे दोन्ही मार्ग सोयीचे आहेत, आणि त्यामुळेच संशयास्पद आहेत. पहिल्यात नैतिक प्रश्न विचारलाच जात नाही. दुसऱ्यात तो विचारला जातो, पण उत्तर यशाच्या मापाने दिले जाते. सूड चांगला वठला तर तो क्षम्य, फसला तर तो क्षुद्र, असा काहीसा तो न्याय होतो.

सूडाच्या हेतूने केलेली निर्मिती जर निर्मिती म्हणून टिकली, तर तिचे नैतिक स्वरूप कोणते मानावे? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी येथे साहित्याबाहेरचे एक उदाहरण घेतले आहे. इंग्लंडमधील गॉथिक रॉक संगीतातून १९८६ साली निघालेला 'द सिस्टरहुड' हा अल्पायुषी उपप्रकल्प आणि त्याचा 'गिफ्ट' हा एकमेव ध्वनिसंग्रह हे ते उदाहरण होय. साहित्यातील उदाहरणांत हेतू बहुधा तर्काने शोधावा लागतो. येथे तो जवळजवळ उघड्यावर आहे, आणि म्हणूनच हे उदाहरण उपयुक्त आहे.

२

'द सिस्टर्स ऑफ मर्सी' हा बँड १९८० साली उत्तर इंग्लंडमधील लीड्स या शहरात अँड्र्यू एल्ड्रिच आणि गॅरी मार्क्स यांनी स्थापन केला. खर्जातला, संथ आणि काहीसा उपरोधिक गायनस्वर, गिटारींचे दाट आवरण आणि माणसाऐवजी ड्रम मशीनने धरलेला ठेका ही त्याची ओळख होती. या ड्रम मशीनला 'डॉक्टर अ‍ॅव्हलान्श' असे नाव देण्यात आले. बँडमधील माणसे बदलत गेली, पण एल्ड्रिच आणि हा यांत्रिक डॉक्टर हे दोघे कायम राहिले. गॉथिक रॉक या शैलीचा उल्लेख होताच या बँडचे नाव घेतले जाते. एल्ड्रिचने मात्र हे लेबल कधीच स्वीकारले नाही.

मार्च १९८५ मध्ये बँडचा 'फर्स्ट अँड लास्ट अँड ऑल्वेज' हा पहिला ध्वनिसंग्रह प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास मार्क्स बाहेर पडला. १८ जून १९८५ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम झाला आणि त्यानंतर काही महिन्यांतच गिटारवादक वेन हसी आणि बासवादक क्रेग अ‍ॅडम्स हेही वेगळे झाले. या दोघांनी नव्या बँडसाठी 'द सिस्टरहुड' हे नाव घेतले आणि त्या नावाने कार्यक्रमही केले. मूळ नावाची सावली या नावावर स्पष्ट होती. जुन्या श्रोत्यांना ते नवे वाटले नसते, आणि नेमके हेच एल्ड्रिचला खटकले. जानेवारी १९८६ मध्ये त्याने स्वतःच्या 'मर्सिफुल रिलीज' या लेबलवरून 'गिव्हिंग ग्राउंड' ही तबकडी 'द सिस्टरहुड' याच नावाने प्रसिद्ध करून टाकली. हसी आणि अ‍ॅडम्स यांना ते नाव सोडावे लागले. त्यांनी 'द मिशन' हे नाव घेतले आणि त्या नावाने मोठे लौकिक यश मिळवले.

नाव हाती आले होते. आता त्या नावाखाली एक संपूर्ण ध्वनिसंग्रह उभा राहिला. जुलै १९८६ मध्ये 'गिफ्ट' प्रसिद्ध झाला. त्यात पाच रचना आहेत. मुख्य आवाज एल्ड्रिचचा नाही. जेम्स रे हा त्या वेळी अपरिचित असलेला गायक, 'द गन क्लब' या बँडमधून आलेली पॅट्रिशिया मॉरिसन, 'मोटरहेड'चा सुरुवातीचा ड्रमवादक लुकस फॉक्स आणि न्यूयॉर्कच्या 'सुइसाइड' या जोडीतील अ‍ॅलन व्हेगा यांची नावे श्रेयनामावलीत येतात. संगीत जवळजवळ पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक आहे. गिटार मागे सरते, सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांची एकसुरी, थंड आवर्तने पुढे येतात. 'जिहाद' या पहिल्या रचनेत एक स्त्रीस्वर एकेक आकडा सुटा सुटा उच्चारतो : दोन, पाच, शून्य, शून्य, शून्य. एल्ड्रिचने पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार 'सिस्टर' या नावाशी जोडलेली तबकडी जो प्रथम काढेल त्याला प्रकाशन कंपनीकडून पंचवीस हजार पौंडांची उचल मिळायची होती आणि ती त्याने जिंकली. तो आकडा प्रतिस्पर्ध्याला ऐकू यावा, अशा रीतीने संगीतात बसवला गेला.

संग्रहाच्या नावातही दुहेरीपणा आहे. 'गिफ्ट' या शब्दाचा अर्थ इंग्रजीत देणगी, तर जर्मनमध्ये विष. एल्ड्रिचने ऑक्सफर्डमध्ये काही काळ फ्रेंच आणि जर्मन साहित्याचे अध्ययन केले होते, त्यामुळे हा श्लेष अभावितपणे साधला गेला असे मानण्याचे कारण नाही. मार्सेल मोस या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाने १९२४ साली याच शब्दाच्या दोन अर्थांवर एक टिपण लिहिले आणि त्याच्या पुढल्याच वर्षीच्या दानविषयक प्रबंधात दान हे कधीही निव्वळ दान नसते, ते घेणाऱ्याला बांधते, असे प्रतिपादन केले. देरिदाने प्लेटोच्या संदर्भात 'फार्माकॉन' या विष आणि औषध असे दोन्ही अर्थ असणाऱ्या ग्रीक शब्दाचा विचार करताना मोसचे हे टिपण आठवणीने उल्लेखले आहे. १९८६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या 'द मिशन'च्या पहिल्या ध्वनिसंग्रहाच्या नावात 'औषध' हा शब्द आहे. योगायोग असो वा नसो, एकाच भांडणातून त्या वर्षी एक विष आणि एक औषध बाजारात आले.

३

'कृती' या मराठी शब्दात एक संदिग्धता आहे आणि ती या विवेचनाला फार उपकारक आहे. कृती म्हणजे केलेले कर्म, आणि कृती म्हणजे कलाकृती, रचलेली वस्तू. कर्म काळात घडते, कोणासाठी वा कोणाविरुद्ध घडते, आणि घडून गेल्यावर संपते. वस्तू मागे उरते आणि तिच्याकडे येणाऱ्या कोणालाही उपलब्ध असते. आपल्या समीक्षाव्यवहारात हे दोन अर्थ सतत एकमेकांत मिसळतात, आणि सूडाच्या कलाकृतीविषयीचा बराचसा गोंधळ या मिसळण्यातून उद्भवतो.

विमसॅट आणि बीअर्ड्‌स्ली यांनी १९४६ साली हेतूविषयक तर्कदोषाची जी मांडणी केली तिचा संबंध वस्तूशी आहे. कवीचा हेतू हा कवितेच्या यशापयशाचा निकष होऊ शकत नाही, हे त्यांचे म्हणणे. कवीने कविता लिहून कोणते कर्म केले या प्रश्नाला ते उत्तर देत नाहीत आणि तशी त्यांची प्रतिज्ञाही नाही. उलट नैतिक विचारात, विशेषतः कान्टच्या परंपरेत, कर्माचे मूल्य ठरते ते त्यामागील संकल्पावरून, फलावरून नव्हे. त्याच कान्टने सौंदर्याच्या निर्णयात मात्र वस्तूविषयीचा हितसंबंध बाजूला ठेवावयास सांगितले. म्हणजे एकच कृती दोन न्यायालयांत उभी राहते. एकात हेतू हा मुख्य पुरावा असतो, तर दुसऱ्यात तो अग्राह्य ठरतो.

'गिफ्ट'चा खटला या दोन्ही न्यायालयांत चालवून पाहिला तर काय हाती लागते? कर्म म्हणून पाहता येथे एका माणसाने आपल्या पूर्वीच्या सहकाऱ्यांची वाट अडवली, त्यांनी लावलेले नाव घाईने स्वतःच्या दारावर लावले आणि वर तो आकडा त्यांच्या कानात घातला. त्याच्या बाजूने युक्तिवाद करता येतो. त्या नावात मूळ बँडची पुण्याई होती, ती उभी करण्यात त्याचा वाटा मोठा होता, आणि दुसऱ्या पक्षाचे वर्तनही निर्मळ म्हणता येत नाही. तरीही सूडाचा अंश शिल्लक राहतो, आणि कर्त्याने तो लपवलेलाही नाही. वस्तू म्हणून पाहता मात्र 'गिफ्ट' हा त्या दशकातील अंधाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीतातील एक विलक्षण एकसंध संग्रह आहे. त्याचा ऋणानुबंध भांडणाशी कमी आणि 'सुइसाइड'च्या १९७७ मधील पहिल्या ध्वनिसंग्रहातील यंत्रस्वरांशी अधिक आहे, असे ऐकणाऱ्याला वाटू शकते.

दोन न्यायालयांनी दोन निकाल दिले आणि प्रश्न मिटला, असे म्हणून येथे थांबता आले असते. परंतु कर्माने वस्तूला घडवले आहे आणि वस्तूने कर्म सिद्धीस नेले आहे. या दोहोंना जोडणारा दुवा शोधल्याशिवाय प्रश्न सुटत नाही. पहिला दुवा नाव हा आहे, दुसरा रूप.

४

फूकोने १९६९ मधील लेखकविषयक व्याख्यानात असे दाखवले की लेखकाचे नाव हे इतर विशेषनामांसारखे केवळ व्यक्तीचा निर्देश करीत नाही. ते काही संहितांना एकत्र बांधते, इतरांपासून वेगळे करते, त्यांना विशिष्ट प्रकारे अभिसृत होऊ देते. बँडच्या नावाला हे अधिकच लागू पडते. त्या नावाआड एकच एक व्यक्ती नसते, माणसे येतात-जातात आणि नाव राहते. मग नाव कोणाचे? मराठी वाचकाला हा प्रश्न नाममुद्रेच्या संदर्भात परिचयाचा आहे. नामदेवाच्या गाथेत उत्तरकालीन नाम्यांच्या रचना मिसळल्या गेल्याचे संशोधकांनी दाखवले. तेथे नाव ही मालमत्ता नव्हती. ते नाव घेणारा त्या नावाच्या ऋणात जात असे, आणि घेतलेल्या नावाला शोभेल असे काही म्हणणे ही त्याची जबाबदारी होती. आधुनिक बाजारपेठेत नाव ही मालमत्ता झाली आणि तीवर पहिला दावा सांगणे हे कर्तृत्व ठरले. दोन व्यवस्थांमधील हे अंतर मोठे आहे, आणि एकीचा निकष दुसरीवर सरळ लादता येणार नाही.

तरीही 'सिस्टरहुड'च्या प्रकरणात एक गोष्ट लक्ष वेधून घेते. हसी आणि अ‍ॅडम्स यांनी ते नाव मंचावर उच्चारले होते. एल्ड्रिचने ते तबकडीवर कोरले. उच्चार विरून गेला, कोरलेले राहिले. नाव बळकावण्यासाठी एक तबकडी पुरेशी होती, आणि 'गिव्हिंग ग्राउंड' प्रसिद्ध होताच काम झाले होते. मग पूर्ण संग्रह कशासाठी? त्याला उचल मिळवण्याचा, करारांचा वा नुसत्या ईर्ष्येचा हेतू असेल. हेतू शुद्ध नसतात, सूडाचे हेतूही नसतात, त्यांतही कुतूहल आणि कौशल्याची हौस मिसळलेली असते. पण परिणाम असा झाला की अडवण्यासाठी उचललेले नाव रिकामे राहिले नाही. त्याच्यात काहीतरी भरले गेले. बळकावलेल्या नावाचे ऋण बळकावणाऱ्यालाही चुकले नाही. मोसच्या भाषेत सांगायचे तर जे जबरदस्तीने घेतले त्यानेही घेणाऱ्याला बांधले.

५

आता रूपाचा विचार. सूडाच्या कृतीत सामान्यतः काय अपेक्षित असते? आक्रोश, आरोप, शत्रूचे व्यंगचित्र, स्वतःच्या जखमेचे प्रदर्शन. म्हणजे व्यक्ती अधिकाधिक ठळक होणे. 'गिफ्ट'मध्ये नेमके उलटे घडते. ज्याचा राग आहे त्याचा आवाज मुख्य स्थानी नाही. त्याने शब्द लिहिले, यंत्रे जुळवली आणि स्वर दुसऱ्याच्या हवाली केला. 'कलर्स' या रचनेत मोजके शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि आवर्तनात त्यांचा रोख हरवत जातो. 'फिनलंड रेड, ईजिप्त व्हाइट' या रचनेत तर गायनच नाही. तेथे कलाश्निकॉव्ह बनावटीच्या रायफलीचा तांत्रिक तपशील एका निर्विकार स्वरात वाचला जातो. ज्या संग्रहाचा जन्मच शस्त्र म्हणून झाला, त्याच्या मध्यावर शस्त्राचे वर्णन यावे आणि तेही कोणावर रोखलेल्या शस्त्राचे नव्हे, तर कोणालाही विकत घेता येईल अशा वस्तूचे, माहितीपत्रकाच्या भाषेत, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. क्रोधाचे येथे वस्तुवर्णन झाले आहे.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत या प्रक्रियेला नाव आहे. भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने आपल्या पद्धतीने स्वीकारलेली साधारणीकरणाची कल्पना येथे उपयोगी पडते. शोकाचा श्लोक झाला या आख्यायिकेवर भाष्य करताना अभिनवगुप्त बजावतो की तो शोक मुनीचा व्यक्तिगत, लौकिक शोक समजू नये. तसा तो असता तर मुनी दुःखाने व्याकूळ होऊन बसला असता, काव्य संभवले नसते. भावाची 'माझा' वा 'त्याचा' ही खूण गळून पडते तेव्हाच तो आस्वाद्य होतो. शोकाला जो न्याय लागू होतो तो क्रोधाला का लागू होऊ नये? रौद्राचा स्थायी भाव क्रोधच आहे. परंतु शोक आणि क्रोध यांच्यात एक महत्त्वाचा भेद आहे. शोकाला शत्रू लागत नाही, क्रोधाला लागतो. म्हणून क्रोधाचे साधारणीकरण अवघड असते. रागावलेला माणूस आपला शत्रू सहजासहजी सोडत नाही.

पोपच्या 'डन्सियड'चा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १७२८ मध्ये त्या काव्याचा नायक लुईस थिओबाल्ड होता. १७४३ च्या सुधारित आवृत्तीत त्याच्या जागी कॉली सिबर आला. शत्रू बदलता आला याचा अर्थ काव्याच्या रचनेत शत्रू ही एक रिकामी जागा होती. ही एका अर्थाने रूपाची शक्ती आहे, कारण रचना व्यक्तीवर अवलंबून राहिली नाही. दुसऱ्या अर्थाने ती मर्यादाही आहे, कारण त्या जागेत कोणीतरी बसवावाच लागला आणि आज वाचकाला तो कोण होता हे टिपांतून समजून घ्यावे लागते. दान्तेच्या नरकातही त्याचे समकालीन आहेत. तेथेही टिपा लागतात. पण तेथे शत्रूला शिक्षा देणारी व्यवस्था कवीच्या रागाहून फार मोठी आहे, इतकी की खुद्द कवीलाही तिच्यातून भीत भीत चालावे लागते.

'गिफ्ट'मध्ये अशी विश्वव्यवस्था नाही. तिची जागा यंत्राने घेतली आहे. ड्रम मशीनला कोणी शत्रू नसतो. माणसाचा ठेका रागाने चढतो, थकव्याने ढळतो. यंत्राचा ठेका कोणाच्याही बाजूने नसतो. १९८० च्या दशकातील गॉथिक संगीतात इलेक्ट्रॉनिक यंत्रांचा जो वापर झाला तो केवळ भीषण वातावरणनिर्मितीचा संकेत म्हणून पाहिला जातो. त्याचे येथील कार्य त्याहून खोल आहे. व्यक्तिगत वैराला व्यक्तीपासून तोडण्याचे, म्हणजेच साधारणीकरणाचे, ते साधन झाले आहे. ज्या श्रोत्याला हसी कोण आणि पंचवीस हजार कसले हे ठाऊक नाही त्यालाही या संगीतातली थंड निग्रही शक्ती जाणवते. त्याच्यापर्यंत भांडण पोहोचत नाही, पण भांडणातून जे घडले ते पोहोचते.

६

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. निर्वैयक्तिकता हीच सर्वांत क्रूर शस्त्र नसते काय? आरडाओरडा करणाऱ्याला निदान उत्तर देता येते. निर्विकारपणे आकडा उच्चारणाऱ्याला काय उत्तर द्यावे? नीत्शेने १८८७ मधील 'नीतीची वंशावळ' या ग्रंथात प्रत्यक्ष कृतीने प्रतिकार न करू शकणाऱ्याचा सल निर्मितिक्षम होतो तेव्हा तो मूल्यांचीच उलटापालट करतो, असे दाखवले. म्हणजे सूड जितका उदात्त दिसेल तितकी अधिक चौकशी करावी, असा इशारा त्यात आहे. 'रूपाने विषाचे अमृत केले' हे वाक्य समीक्षकाच्या तोंडी फार सहज येते. त्या सहजतेमागे कर्त्याला निर्दोष ठरवण्याची घाई असू शकते.

हा आक्षेप मान्य करावा लागतो, पण त्याच ग्रंथात नीत्शे आणखी एक गोष्ट सांगतो. एखाद्या गोष्टीच्या उगमाचे कारण आणि तिचा पुढील उपयोग, व्यवस्थेतील तिचे स्थान, ही पूर्णतः वेगळी असतात. जे अस्तित्वात आले त्याचा नवनव्या शक्ती नवनवा अर्थ लावत राहतात. या दोन विधानांना एकत्र वाचले तर भूमिका अशी होते : उगमाचा विसर पडू देऊ नये आणि उगमालाच अर्थ मानू नये. 'गिफ्ट'ने सूड पुसून टाकलेला नाही. तो आकडा तेथे आहे. प्रत्येक वेळी तबकडी लावली की तो पुन्हा उच्चारला जातो. साधारणीकरण पूर्ण झाले असते तर हा आकडा विरघळला असता. तो विरघळलेला नाही. अनभिज्ञ श्रोत्याला तो केवळ ध्वनी वाटतो, जाणकाराला टोचतो. शरीरात राहून गेलेल्या छऱ्याभोवती मांस वाढावे तशी त्याच्याभोवती रचना वाढली आहे. छरा मात्र जागच्या जागी आहे.

पुढे १९८७ मध्ये एल्ड्रिचने 'द सिस्टर्स ऑफ मर्सी' हे नाव पुन्हा धारण केले आणि 'कलर्स' ही रचना स्वतःच्या आवाजात नव्याने ध्वनिमुद्रित करून 'धिस करोजन' या तबकडीच्या मागील बाजूस दिली. म्हणजे वैराच्या काळात दुसऱ्याच्या तोंडी घातलेले शब्द त्याने परत घेतले. नाव परत मिळाल्यावर त्या नावाच्या उपनावाची गरज उरली नाही, 'सिस्टरहुड' संपला. रचना मात्र भांडण संपल्यावरही उपयोगी पडली. शस्त्रांच्या बाबतीत असे सहसा घडत नाही.

७

या निष्कर्षाची कसोटी पाहण्यासाठी एल्ड्रिचचाच दुसरा एक उपप्रकल्प समोर ठेवता येतो. १९९० मधील 'व्हिजन थिंग'नंतर बँड आणि रेकॉर्ड कंपनी यांच्यातील संबंध विकोपाला गेले. नव्या ध्वनिमुद्रणावर बँडने बहिष्कार टाकला. कराराच्या बंधनातून सुटण्यासाठी १९९७ मध्ये 'एसएसव्ही' या नावाने काही ध्वनिमुद्रणे 'ईस्टवेस्ट' या कंपनीच्या हवाली करण्यात आली. ही आद्याक्षरे भागधारकांच्या हिताविषयीच्या एका शिवीची होत. पूर्ण नाव तर कंपनीचीच उघड टवाळी करणारे आहे. आतील संगीत टेक्नो वळणाचे इलेक्ट्रॉनिक संगीत आहे, आणि त्यातून ठेका काढून टाकलेला आहे. कंपनीने ते कधीही अधिकृतपणे प्रसिद्ध केले नाही. ते अनधिकृत प्रतींतूनच फिरत राहिले.

बाह्यतः दोन्ही प्रकल्प सारखे आहेत. दोन्ही मुख्य बँडच्या नावाबाहेरचे, दोन्ही इलेक्ट्रॉनिक, दोन्ही वैरातून जन्मलेले आणि दोन्हींत कर्ता आपले खरे नाव रोखून धरतो. नैतिक दृष्ट्या पाहता दुसऱ्या प्रकल्पाची बाजू अधिक भक्कमही म्हणता येईल, कारण तेथे प्रतिपक्ष सहकारी कलावंत नसून एक बलाढ्य व्यापारी संस्था आहे. दुर्बळाचा सूड बलवानावर असेल तर सहानुभूती त्याच्याकडे झुकते. तरीही कृती म्हणून 'एसएसव्ही' पोकळ राहते. ज्या संगीताचा प्राण यांत्रिक ठेका, त्यातून ठेकाच काढून घेतल्यावर उरते ती देण्याची विधी, दिलेली वस्तू नव्हे. विनोद पुरेसा आहे, पण तो कंपनीलाच उद्देशून आहे. श्रोता येथे कोणीच नाही. त्याला जे मिळते ते दुसऱ्याला पाठवलेले, त्याच्या हाती चुकून आलेले पाकीट.

येथे प्रश्नाचे खरे स्वरूप स्पष्ट होते. सूडाच्या कृतीत दोन पक्ष गृहीत असतात, सूड घेणारा आणि ज्याच्यावर घ्यायचा तो. कलाकृतीला तिसरा लागतो. वाचक, श्रोता, सहृदय हा त्या भांडणाचा पक्षकार नसतो. त्याने कोणाचे काही घेतलेले नसते. सूडातून निर्मिती करणाऱ्याची नैतिक कसोटी शत्रूशी तो कसा वागला एवढ्यावर संपत नाही. या तिसऱ्याशी तो कसा वागला, हा तिचा अधिक अवघड भाग आहे. तिसऱ्याला त्याने आपल्या सूडाचे साधन केले, त्याला केवळ साक्षीला उभे केले, की त्याच्यासाठी म्हणून काही केले? हे 'केवळ' महत्त्वाचे आहे. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, असे कान्टनेही म्हटले. साधन म्हणून वागवूच नये, असे तो म्हणाला नाही.

८

सूडातून जन्मलेल्या कलाकृतीविषयी मग एवढे म्हणता येते. यशामुळे हेतू धुऊन निघत नाही. ज्यांची वाट अडवली गेली त्यांच्या बाजूने ते कर्म जसे होते तसेच राहते, आणि पुढे त्यांनाही यश लाभले हा युक्तिवाद त्या कर्माच्या मूल्यात काही फरक करीत नाही. उलट हेतूमुळे वस्तू कलंकित होते, हेही खरे नाही. कारण वस्तू ज्या तिसऱ्याच्या हाती जाते त्याला त्या कर्मातला वाटा मिळत नाही. मिळते ती त्या कर्मातून सुटी झालेली रचना. ती खरोखर सुटी झाली आहे काय, एवढेच समीक्षेने तपासावयाचे असते, आणि ते कर्त्याच्या मुलाखतींत नव्हे, रूपात तपासावयाचे असते. समीक्षेचा नैतिक विचार आणि रूपविचार हे दोन वेगळे विभाग मानण्याची जी सवय गेल्या अर्धशतकात रूढ झाली तिचा या ठिकाणी पुनर्विचार करावा लागतो. रूपाविषयीचा प्रश्न हाच येथे नैतिक प्रश्न आहे. कर्त्याने आपला राग दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याइतका दूर धरला होता काय, हे रूपच सांगू शकते.

'गिफ्ट' या शब्दाचे दोन अर्थ म्हणून एकमेकांना रद्द करीत नाहीत. ते दोन वेगळ्या पत्त्यांवर पोहोचतात. सहकाऱ्यांना जे मिळाले ते विषच होते, आणि नंतरच्या कोणत्याही कौतुकाने त्याचे दान होणार नाही. श्रोत्याला जे मिळाले ते दान होते, आणि त्याचा उगम समजल्यावरही त्याला ते परत करता येत नाही. मात्र त्याने ते उगम जाणूनच बाळगावे. पहिल्या रचनेतील ते पाच आकडे त्या स्त्रीस्वरात आजही एकेक करून उच्चारले जातात. ते ऐकताना ही रक्कम कोणाच्या वाट्याची होती, हा प्रश्न श्रोत्याला स्वतःला विचारता येतो.